आवाज मागं राहतो

मोबाइल-टॅबलेटच्या दुकानात समृद्धी काउंटरवरचा पहिला टॅबलेट सुरू करून बघत होती. शेजारच्या स्टुलावर तिचे वडील, तेरचे मेंढपाळ लिंबाजी आबा, बसले होते. धाराशिवच्या स्टँडवर भाकरी खाल्ल्यापासून त्यांचं तोंड वाकडं होतं. एसटीतच त्यांनी हातवारे करून बजावलं होतं, आज जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा ह्या भानगडीत मला ओढायचं नाही. आणि आबांनी एकदा ठरवलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

गेल्या साली कॅन्सरनं आबांचा गळा धरला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. माणूस वाचला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं, पण त्यातून भुंग्यासारखी भुणभुण निघायची. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा सखूबाई, समृद्धीची आई, कानांवर हात ठेवून घराबाहेर गेली. आबांनी ते यंत्र तिच्यासमोर पुन्हा कधी हातात धरलं नाही. तेव्हापासून नवरा-बायकोत मुकाटपणा.

समृद्धी पुण्याला कॉम्प्युटर शिकलेली. तिनं एक सॉफ्टवेअर तयार केलं. भुणभुण आत घ्यायची, बाहेर आबांचा जुना आवाज काढायचा. जुना आवाज कुठला? ती होस्टेलवर असताना आबा व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज धाडून रागवायचे ना, ते सगळं तिनं जपलं होतं. कॉलेजातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर ते झकास चाललं. पण मेंढरांमागं माणूस कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन हिंडणार का? म्हणून टॅबलेट. आणि सॉफ्टवेअर असं खादाड, की हलकं मशीन त्याच्यापुढं गुडघेच टेकायचं.

पहिल्या टॅबलेटनं टेकलेच. शब्द तुटून तुटून आले. दुकानदार अनिरुद्धनं दुसरा काढला, भल्या मोठ्या स्क्रीनचा. "ताई, हा लई खपतो." ह्यातून आवाज स्वच्छ आला. फक्त जरा मागं राहिला. आबांचे ओठ मिटायचे, मग शब्द निघायचा.

"चालतंय की!" अनिरुद्ध म्हणाला. समृद्धीलाही वाटलं, चालेल. तिनं आईला फोन लावला आणि टॅबलेटपाशी धरला.

"सखू, म्या बोलतोय."

पलीकडून सखूबाई हळूच म्हणाली, "व्हय? कुठनं बोलताय?"

आबा बोलले. ओठ मिटले. आवाज निघेना. निघाला तोवर सखूबाई कडाडली, "समे! जुनं रेकॉर्डिंग वाजवून आईची थट्टा करतीस? उत्तराचं बटन हुडकाया एवढा येळ लागतोय व्हय गं? गेलेला आवाज कशाला ऐकवतीस मला?" आणि फोन बंद.

आबा उठले. यंत्र खिशात घातलं आणि दाराकडं चालू लागले.

समृद्धी धावत जाऊन दारात आडवी झाली. "आबा, पाया पडते तुमच्या, एक डाव!" मग अनिरुद्धवर ओरडली, "स्क्रीन गेली खड्ड्यात! सगळ्यात ताकदीचा प्रोसेसर असलेला काढा. लहान असू द्या, दिसायला कसाबी असू द्या."

त्यानं आतून धूळ बसलेला खोका आणला. सॉफ्टवेअर चढेपर्यंत समृद्धीनं आबांची बाही सोडली नाही. ह्या वेळी फोन लागताच ती म्हणाली, "आई, ठेवू नको. तूच विचार. रेकॉर्डिंगला ठाऊक नसंल असं काहीबी विचार."

"विचारते की!" सखूबाईचा राग उतरला नव्हता. "आज फडक्यात काय बांधून दिलंय?"

आबांनी यंत्र गळ्याला लावलं. समृद्धीनं डोळे मिटून घेतले.

"पिठलं," आवाज लगेच आला. "मीठ लई पडलंय. तांब्याभर पाणी प्यालो."

पलीकडं भांडं पडलं.

"अवो," सखूबाईला हुंदका आवरेना, "वरीसभरानं बोललासा, आन् ते बी माझ्या पिठल्याला नावं ठेवाया?"

"मग काय, ग्वाड म्हनू?"

"म्हना की! काय बिघडलं?"

समृद्धी तोंडात ओढणी कोंबून रडत होती. अनिरुद्धनं बिल करायला टॅबलेटकडं हात नेला. आबांनी टॅबलेट छातीशी ओढला.

"थांब की जरा," आबाच त्याला म्हणाले. "आमचं भांडण चाललंय."