रोसिताचे बूट

एर्मिलाच्या अंगावर वीज पडली त्याला दोन पावसाळे झाले होते, आणि तेव्हापासून गावाला एकच काळजी होती: हिला स्वप्न कधी पडणार?

मक्यात खुरपत असताना वीज आली आणि तिच्या अंगातून जमिनीत गेली. बाई वाचली. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, बाकी धडधाकट. आता वीज पडून जो वाचतो त्याला डोंगराने निवडलेलं असतं, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. मग त्याला स्वप्नं पडू लागतात, स्वप्नात डोंगर आपलं मागणं सांगतो, आणि तो माणूस गावचा पाऊसवाला होतो. ढग बोलवायचे, गारा परतवायच्या, मार्चमध्ये गोयोबाबाला आणि ऑगस्टअखेर त्याच्या बायकोला, रोसिताला, नवे कपडे नेऊन द्यायचे. गोयो हा धुराचा डोंगर, रोसिता त्याच्या शेजारचा, आडव्या झोपलेल्या बाईसारखा दिसणारा डोंगर. पाऊसवाल्याचं काम मरेपर्यंतचं. चार दिवस पाहुणा म्हणूनही त्याला कुठे जाता येत नाही, कारण गारा काही विचारून येत नाहीत.

सध्याचे पाऊसवाले मेलितोनबाबा ऐंशीच्या पुढचे. चालताना मध्येच थांबायचे आणि आपण का थांबलो ते विसरायचे. त्यामुळे गावाचा जीव टांगणीला लागला होता.

"काय गं एर्मिले, पडलं का?" गिरणीच्या रांगेत पेत्रोनिलामावशी रोज विचारायची.

"काय पडलं?"

"स्वप्न गं, बये!"

"झोप लागली तर पडेल ना मावशी. तुझा मेला कोंबडा अर्ध्या रात्रीच आरवतो."

रांग हसायची आणि विषय तेवढ्यापुरता मिटायचा. एर्मिला धडधडीत खोटं बोलत होती. स्वप्न फेब्रुवारीतच पडलं होतं. एक उंच, गोरी बाई ओल्या केसांनी तिच्या स्वयंपाकघरात आली, चुलीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि बूट काढून पाय चोळू लागली. "दरवर्षी मेले अरुंद बूट आणतात," ती म्हणाली. "फोड आलेत बघ. मेलितोनला सांगून सांगून दमले. त्याला हल्ली ऐकूच येत नाही." एवढं बोलून तिने मक्याची एक गरम टॉर्टिया मागून घेतली, खाल्ली आणि गेली. एर्मिला उठली, डुकरांना पाणी पाजलं, आणि हे कुणाला सांगायचं नाही असं तिने ठरवून टाकलं.

तिला जायचं होतं. नवरा न्यूयॉर्कला गेला तो तिकडचाच झाला, मूलबाळ नव्हतं, आणि पुएब्ला शहरात बहीण काम करत होती त्या बेकरीत एक जागा रिकामी झाली होती. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गल्लीतून सकाळी कामाला जायचं, या एवढ्याशा गोष्टीचं तिला वेड लागलं होतं. रविवारची बस ठरली होती. त्याआधी शुक्रवारी रोसिताचा सण आला. वर गेलं नाही तर लोक म्हणणार, ही काहीतरी लपवतेय. म्हणून ती पावाची टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर रखवालदाराने गावकऱ्यांचा ट्रक अडवला नाही. त्याची आई याच गावची. "दोनच्या आत खाली या," तेवढं म्हणाला. "आणि बाबांना धरून न्या."

"मला कशाला धरायचं?" मेलितोनबाबा म्हणाले. "मी काय बकरी आहे?"

वाहनतळापासून चढ सुरू झाला. शहरातले गिर्यारोहक रंगीत जाकिटं घालून, दोन-दोन काठ्या टेकत भराभर पुढे जात होते. झोपलेल्या बाईच्या अवयवांची नावं इथल्या टप्प्यांना आहेत, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकून पेत्रोनिलामावशीला हसू आवरेना. "पायांपर्यंत पोचलो, गुडघ्यांवर जेवू, छातीवर वारा फार असतो म्हणे," असं एक तरणाताठा मुलगा आपल्या मैत्रिणीला सांगत होता.

"जपून रे बाबा," मावशी ओरडली, "तिचा नवरा समोरच बसलाय!"

समोर गोयोने राखेचा एक फुत्कार सोडला. मुलगा हसला, पण त्याने वळून पाहिलंच.

देवदार संपले. पुढे नुसतं झुपक्यांचं पिवळट गवत आणि पाऊल मागे घसरवणारी काळी वाळू. बाबा दर वळणावर थांबत. सणाच्या समितीचा प्रमुख निकांद्रो त्यांना मागून ढकलायचा आणि ढकलत नसल्यासारखं दाखवायचा. एर्मिलाला म्हाताऱ्याची कीव येत होती, आणि कीव येतेय याचा रागही येत होता. अजून दोन दिवस, ती मनाशी म्हणत होती, तोंड मिटून ठेव.

गुहा रोसिताच्या पायांपाशी आहे. आत थेंब थेंब पाणी ठिबकतं. बाबांनी पांढरा कपडा अंथरला. फुलं झाली, पाव झाला, टर्कीचं मोले, म्हणजे मिरच्यांचं दाट कालवण, झालं. निळा झगा दगडावर पसरून झाला, त्यावर कंगवा ठेवला. मग निकांद्रोने पिशवीतून एक खोका काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी झाकण उघडलं. आत पांढरे बूट होते, चकचकीत, टाचेचे, पुढे बाणासारखे निमुळते.

"अहो, ते नका ठेवू!" एर्मिला म्हणाली. "तिच्या पायाला फोड आलेत!"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. बाबा खोका हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

"कधी आली होती?" त्यांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "फेब्रुवारीत."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्हाला ऐकू येत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा मात्र खाली बसले. सबंध वाटेत ते एकदाही बसले नव्हते. "होय का?" ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यावर रुसली." त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा असा झाला होता की जणू कुणी पाठीवरची लाकडाची मोळी उतरवून घेतली. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग आता काय ठेवायचं?"

सगळ्या माना एर्मिलाकडे वळल्या. ती मुकाट्याने बाहेर निघून जाऊ शकली असती. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर तिला ठाऊक होतं.

"रुंद," ती म्हणाली. "सपाट."

सगळ्यांनी एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. मावशीचे पाय गावात सर्वांत मोठे. एरवी एका जुन्या बादलीसाठी आठवडाभर भांडणारी ही बाई चटकन वाकली, तिने कॅनव्हासचे बूट काढले, ठिबकत्या पाण्याखाली धुतले आणि झग्याखाली नीट जोडून ठेवले.

उतरताना निकांद्रोने मावशीच्या पायांना पोत्याचे तुकडे बांधून दिले. बाबा पुढे चालले होते, कुणाचा हात न धरता, निकांद्रोशी कोंबड्यांच्या झुंजीबद्दल वाद घालत. एर्मिला मागे राहिली. पुएब्लाला जायला तिला कुणी बंदी केली नव्हती, करणारही नव्हतं. बस तशीच येणार होती. आणि आपण तिच्यात बसणार नाही हे तिला दुखऱ्या दातासारखं स्पष्ट कळत होतं.

मावशी पाय ओढत तिच्या बरोबरीला आली. बराच वेळ घुटमळली.

"नास्पती उतरवायच्यात," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात उतरवाव्या म्हणते. गारा नाही ना येणार?"

एर्मिलाने गोयोच्या डोक्यावरच्या ढगाकडे पाहिलं. "मंगळवारच्या आत उतरव," ती म्हणाली. आणि हे आपल्याला कुठून कळलं, याचीच तिला भीती वाटली.

"उपकार झाले, एर्मिलाबाई. तुम्ही होता म्हणून."

एर्मिला थांबली. या बाईने तिला लहानपणी न्हाऊ घातलं होतं, बोरं चोरली म्हणून धपाटे घातले होते. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"मावशी, मला तू म्हण गं. आधी म्हणायचीस तसं."

मावशीने डोक्यावरची शाल सारखी केली आणि मान खाली घातली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."