पुढच्या चाकांचं बळ

आश्विनातलं तिरपं ऊन गियर-ऑइलने माखलेल्या हातांवर उतरलं, की ते हात गर्द मधासारखे चमकत; आणि त्या प्रकाशातच गडमुडशिंगीचे माझे मामा मला सर्वांत पूर्ण दिसत. शिरोलीच्या फाउंड्रीत सारं तारुण्य वितळवून त्यांनी घरी आणलं ते एवढंच: लोखंडाची नितळ समज आणि जवळजवळ विझलेले कान. दारात आलेला पाव्हणा, गोठ्यातलं हंबरणं, उतू जाणारं दूध, सारे ध्वनी मामी बोटांच्या खुणांनी त्यांच्यापर्यंत पोहोचवत.

दूध वाहणारी त्यांची पिकअप चारही चाकांनी ओढणारी होती. एका उन्हाळ्यात ओढ्यातून वर येताना तिच्या पुढच्या डिफरन्शियलचे, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना बळ वाटून देणाऱ्या गियरांचे, दात तुटले. सपाट रस्त्याला मागची चाकं पुरत होती. "पळत्या की झकास," मामा म्हणाले, आणि दुरुस्ती पुढे ढकलली जात राहिली.

श्रावणात मामींच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. अक्का गगनबावड्याच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर एकट्या राहत. "ये बाई, एकदा डोळं भरून बघतो तुला," एवढं बोलतानाही त्यांना धाप लागत होती. दोघं लगेच निघाली. पण वाडीखालच्या शेवटच्या चढावर मागची चाकं तांबड्या चिखलात गरगरत राहिली आणि पुढची, बळाला पारखी झालेली, नुसती थिजून बसली. "मी चालत जातो," म्हणत मामी खाली उतरल्या. मामांनी त्यांचा हात धरला. "म्होरच्या वड्याला पाणी चढलंय, चालत न्हाई जमायचं. उघडीप झाली की येऊ."

उघडीप झाली, तेव्हा अक्का नव्हत्या.

मामींनी एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांची बोटं मात्र हळूहळू मिटत गेली; घरातले आवाज मामांपर्यंत पोहोचेनासे झाले, आणि भर घरात ते निर्जन माळावरच्या झाडासारखे उभे दिसू लागले.

दसऱ्याला मी गेले, तेव्हा पिकअपचा पुढचा आस अंगणात उघडा पडला होता. काळ्या तेलात तुटक्या दातांचा चुरा लुकलुकत होता. मामा नव्या गियरांच्या दातांना निळा रंग लावत, ते सावकाश फिरवत, एकमेकांवर कुठे टेकतात ते न्याहाळत, फट जुळवायला पातळ चकत्या घालत, काढत होते. डोळ्यांनी होणारं सारं झालं, पण गियर नीट बसले की नाही हे शेवटी कानच सांगतात. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. "जरा बस की गाडीत. ऐकायला माणूस पायजे."

पदराला हात पुसत मामी आल्या. गाडी माळावरून फिरली. किती तरी दिवसांनी त्यांचं बोट उठलं. "कण्हत्या अजून."

मामांनी सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बांधलं. दुसऱ्या फेरीला मामींनी डोळे मिटून घेतले आणि मग तळहात हवेत संथपणे आडवा फिरवला. गाडी शांत होती.

मामांनी इंजिन बंद केलं. "तवाच करायला पायजे हुतं गं."

मामींनी त्यांच्याकडे तोंड वळवलं, ओठ वाचता यावेत म्हणून. "व्हय. पायजे हुतं." मग म्हणाल्या, "चला. वाडीवर जाऊन येऊ."

मीही सोबत गेले. पुढच्या चाकांनी माती धरली आणि तो चढ, एखादं सोपं वाक्य संपावं तसा, क्षणात संपला. वर अक्कांच्या दाराला कुलूप होतं, आणि कुणी न तोडलेले दोडके वेलावरच वाळून खुळखुळत होते. मामींनी बोटं हलवून तो आवाज मामांना सांगितला. ते मान खाली घालून पायरीवर बसले. त्याही शेजारी टेकल्या.

ज्या वाटेवरून माणूस एकदा अर्ध्यातून परततो, ती पुढे कितीदाही पुरी केली तरी स्मरणात अर्धीच राहते. आणि उरलेल्या अर्ध्या वाटेच्या टोकाला कुणीतरी अजून दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं.