ती गेली म्हणून

नवरा कारखान्यात आला तेव्हा तिच्या तोंडात चुका होत्या. चुका म्हणजे सोफ्याचं कापड ठोकायचे बारीक खिळे. दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असत, म्हणून खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते गमतीने म्हणायचे, "बाईंच्या तोंडात चुका असतात, म्हणूनच बोलण्यात सापडत नाहीत."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. भर दुपारी तो इकडे कधी फिरकत नसे. आज आला, फोम काढलेल्या एका खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "ती गेली."

तिने खिळे तळहातावर काढले. "कोण?"

त्याने सांगितलं. टेकडीवरच्या इमारतीत राहणारी बाई. दवाखान्यात रक्त तपासायची. लेक पहिल्यांदा शाळेत गेली त्या सुमाराला सुरू झालं होतं. आता लेकीचं लग्नही होऊन गेलं होतं. त्या इमारतीची लिफ्ट सारखी बिघडायची. "लळा लागलाय तिला तुमचा," असं घरी त्याचा डबा भरता भरता बायकोच त्याला हसून म्हणायची.

"पोहोचवायला गेलो होतो. मागेच उभा राहिलो. तिच्या भावाने विचारलं, आपण कोण? म्हटलं, लिफ्टवाला." त्याने चेहरा पुसला. "कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

तिने खिळे परत ओठांत धरले आणि हाती घेतलेली बाजू पूर्ण केली. आता छाती फुटेल, आता रडू येईल, म्हणून ती वाट पाहत होती. काही आलं नाही. काका येऊन कापडावरून हात फिरवून "झकास" म्हणून गेले.

घरी तिने आपलं अंथरूण लेकीच्या खोलीत नेलं. बाकी सगळं चालूच राहिलं. भाजी चिरली जायची, कपडे वाळायचे. नवरा बाथरूममध्ये नळ सोडून रडायचा आणि ती बाहेरून सांगायची, "टाकी रिकामी होईल." त्यात टोमणा नव्हता. टाकी खरंच रिकामी व्हायची.

लेकीचा फोन आला. "आई, बाबांचा आवाज असा काय?"

"सर्दी," ती म्हणाली.

सर्दी लांबली. मग एका सुट्टीच्या दिवशी नवरा समोर येऊन बसला. "झालं ते झालं. आता ती नाहीच. आपण पुन्हा नव्याने..."

"तुम्ही तिला सोडलं नाहीत," ती म्हणाली. "ती मेली. ती असती तर आत्ता तुम्ही लिफ्ट बघायला गेला असतात."

तो उठू लागला.

"माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या संध्याकाळी कुठे होतात?"

"तिथेच."

तिने मान हलवली. चुलत सासऱ्यांची तब्येत विचारावी तसं तिने एकेक विचारलं आणि त्याने लपवलं नाही. शेवटी ती म्हणाली, "लेकीला तुम्ही सांगा. मी सर्दी सर्दी म्हणून थकले."

त्याने सांगितलं. लेक त्याच्याशी बोलेनाशी झाली. आईला मात्र म्हणाली, "तू इकडे ये राहायला." आईने बॅगही काढली. मग ती बॅग पलंगावर तशीच उघडी राहिली आणि ती बॅगेच्या शेजारी झोपू लागली. जायला पाय उचलत नव्हता, राहण्यातही जीव नव्हता.

अशाच एका सकाळी नवऱ्याने चहा केला. तिने घोट घेतला. गोड होता, चांगला दोन चमचे साखर घातलेला.

"ही कुणाची साखर?"

तो कपाकडे बघत राहिला.

कप भिंतीवर जाऊन फुटला. "मी बिनसाखरेचा पिते! लग्नाच्या आधीपासून! तुला एवढंही ठाऊक नाही? माझ्या घरात, माझ्या कपात तिचा चहा देतोस मला?" ती ओरडत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला अरे-तुरे करत होती. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला, तरी ती थांबली नाही. मागचं सगळं त्या आवाजात बाहेर पडलं: ऑपरेशन, डबे, लिफ्ट. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. "हळू बोल" एवढंही म्हणाला नाही.

शेवटी तिचा घसा बसला. तिने खाली पाहिलं. पोटरीला काच लागून रक्त आलं होतं, आणि ते चांगलंच झोंबत होतं.

तो फडकं घेऊन वाकला.

"ते राहू दे," ती म्हणाली. "आधी दुसरा चहा कर."

त्याने केला. तिने उभ्यानेच प्यायला. तो दारात थांबला होता.

"बरा झालाय?"

"पाणचट झालाय." तिने कप खाली ठेवला. "मी राहीन की जाईन, मला माहीत नाही. सारखं विचारू नकोस."

"नाही विचारणार."

मग तो काचा गोळा करायला बसला आणि ती कामावर जायला तयार होऊ लागली.