माझ्यावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे. घाटकोपरच्या भटवाडीत, एका तीन मजली इमारतीच्या दाराशी उभी असते. वय वर्षं एकोणीस. माझ्यावर मध्यंतरी एक खोटा आळ आला होता. ऐन वेळी मी दगा दिला म्हणे! मी? तेव्हा माझी हकीकत माझ्याच तोंडून ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला पत्रा जोडला, रंग चढला आणि माझ्यासारख्याच शंभर बहिणींबरोबर मी बाहेर पडले. माझं नशीब थोर म्हणून मी जयवंत राणे यांच्या हाती लागले. ते औषधांच्या कंपनीत फिटर होते. वडील गिरणीत, घराण्यात पहिली गाडी मीच. मला दारात आणलं तेव्हा त्यांनी नारळ हातात धरून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, आज जी काय ही गाडी दारात इली आसा, तिका वाटेत खंय अडकवू नको रे महाराजा!" सगळी बिल्डिंग ओरडली, "व्हय महाराजा!"

देवाने ऐकलं असेल, पण मेहनत जयवंतरावांची. दर रविवारी ते माझं बॉनेट उघडत, ऑइलची पट्टी जुन्या बनियनला पुसून उन्हात धरून बघत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांच्या पत्नी मालनताई दुधाचे खाडे लिहीत आणि त्याच्याच शेजारी जयवंतराव लाल पेनाने लिहीत, 'ऑइल'. ती तारीख एकदाही चुकली नाही. मग मी तरी का चुकेन? गणपतीला कणकवलीला जाताना कशेडी घाटात मोठमोठ्या गाड्या वाफा सोडत उभ्या असायच्या, आणि मी आपली गुमान चढून जायचे. त्यांच्या मुलाची, हर्षदची शाळा, वरच्या मजल्यावरच्या अंबादास कांबळ्यांच्या दीप्तीची बारावीची परीक्षा, कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, सगळीकडे मीच. "जयवंतची गाडी आहे ना, मग टेन्शन नाय," असं लोक म्हणायचे. खरं सांगते, ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं.

दोन वर्षांपूर्वी मात्र काहीतरी बिनसलं. माझा डावा आरसा गेटला घासला. मग एकदा डावा दरवाजा. मालनताई शेजारी बसून सारख्या सांगू लागल्या, "अहो, डावीकडून सायकल येतेय. थांबा. हां, आता घ्या." हर्षद मुलुंडहून आला की मागच्या सीटवरून वैतागायचा, "आई, किती टोकतेस गं बाबांना!" त्या तरीही डावीकडेच बघत राहायच्या. मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं. जयवंतरावांना डावीकडचं दिसेनासं झालं होतं. "डोळे दाखवून या," असं त्या घरच्या घरी विनवायच्या. "नंबर वाढलाय, बाकी काय नाय," हे त्यांचं उत्तर.

मग ती दुपार आली. मालनताई मानखुर्दला बहिणीकडे गेल्या होत्या. अंबादास धावत खाली आले. "जयवंत, चल लवकर! दीप्तीला कळा सुरू झाल्यात!" माहेरी बाळंतपणाला आलेली दीप्ती मागे बसली. अंबादास तिच्याजवळ. जयवंतराव माझ्यात बसले, चावी लावली. समोर गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांनी डावीकडे पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी चावी अर्धीच फिरवली. नखभर आणखी फिरवली असती तर मी लगेच सुरू झाले असते.

"बॅटरी गेली वाटतं," ते म्हणाले.

"धक्का मारू?"

"नको रे, वेळ जाईल. रिक्षा बघ, पळ!"

दीप्ती रिक्षातून गेली, सुखरूप पोचली, मुलगी झाली. पण माझी मात्र वाट लागली. गल्लीभर एकच चर्चा, जयवंतची गाडी ऐन वेळी बसली. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! हर्षद रविवारी आला. "बाबा, बस झालं आता. कोणाच्या जिवाशी खेळ नको. शनिवारी भंगारवाला येईल." मालनताईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. "ही बंद पडली?" एवढंच म्हणाल्या. जयवंतराव मान खाली घालून बसले.

शनिवारी भंगारवाल्याचा माणूस मला ओढून न्यायला टोचन घेऊन आला. माझ्या पुढच्या हुकात साखळी अडकवली. अंबादास नातीचे पेढे घेऊन खाली आले होते. एवढ्यात जयवंतराव चपला न घालताच जिना उतरले. "थांबा जरा." आत बसले, चावी पूर्ण फिरवली. पहिल्या सेल्फला मी सुरू झाले.

"गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "त्या दिवशीही होती. मला डावीकडचं दिसत नाय. दोन वर्षं मालन सांगायची म्हणून चालवत होतो. लाज वाटली, म्हणून हिच्यावर ढकललं."

"बाबा, मला सांगायचं ना!" हर्षदचा आवाज चिरकला.

अंबादास माझ्या खिडकीशी आले. मग म्हणाले, "यार जयवंत, आधीच बोलायचंस. पण माझ्या पोरीला घेऊन निघाला नाहीस, हे लाख बरं केलंस." आणि त्यांनी पेढा पुढे केला.

साखळी निघाली. जयवंतरावांनी चावी हर्षदच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच माझ्या मागच्या सीटवर बसले. त्याच दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, उजवा तेवढा वाचेल. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर डावाही थोडाफार वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, माझ्यावरचा आळ गेला, पण त्याचा आनंद मला धड करता येत नाही. ज्या माणसाने माझ्या ऑइलची एक तारीख चुकवली नाही, त्याने एकोणीस वर्षांत स्वतःचे डोळे एकदाही डॉक्टरांना दाखवले नव्हते. आज घरी गेलात की आजोबांना विचारा, आजीला विचारा, डोळे शेवटचे कधी दाखवलेत? नंबर वाढलाय एवढंच, असं म्हणाले तर ऐकू नका. हात धरून घेऊन जा.