राखाड्या कसा मेला

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मी कोर्टात स्टेनो आहे. कानावर पडेल ते कागदावर उतरवायचं, त्यात आपली अक्कल चालवायची नाही, हे आमचं पहिलं शिक्षण. साक्षीदार शिंकला तरी माझा हात थांबत नाही. तेव्हा राखाड्या मेला त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नये. फोडायचंच तर मामीच्या डोक्यावर फोडा, आणि ती हिंमत आमच्या खानदानात आजवर कुणाला झालेली नाही.

राखाड्या म्हणजे जादूगार. राखेतून उठतो, धुरात विरतो, मुडद्यांना कामाला लावतो. त्याचा हाडवैरी पोलादी. पोलादीला देश नाही, घर नाही. एक तलवार आणि एक लंगडी घोडी, एवढाच संसार. या दोघांची भांडणं माझे मामा ऐन तरुणपणापासून लिहीत आलेत. खिशात मावतील अशी पातळ पुस्तकं, मुखपृष्ठावर विजा, कवट्या आणि दंडाच्या बेडकुळ्या. शहाणी माणसं ती शहाण्या मासिकात लपवून वाचतात. मीही एके काळी नाक मुरडायची. मग कोर्टात नोकरी लागली आणि माझं मत बदललं. कोर्टात पडते ती पुढची तारीख; मामांच्या पुस्तकात मुंडकं पडतं. दिवसभर पहिलं ऐकलं की संध्याकाळी माणसाला दुसऱ्याची तलफ येते, यात नवल ते काय?

मामांचा खरा धंदा कुलपा-किल्ल्यांचा. दुकानामागच्या खोलीत किल्ल्यांचे झुबके भिंतभर टांगलेले असतात, आणि सुट्टीच्या दुपारी तिथेच आमचं कारखान्यासारखं काम चालतं. मामा येरझाऱ्या घालत सांगणार, मी माझ्या मशीनवर टाइप करणार आणि मामी खिडकीशी विणत बसणार. मामांचा धंदा गोष्टीत डोकावल्याशिवाय राहत नाही. पोलादीला नरबळीसाठी बांधून ठेवलंय, बाहेर नगारे वाजताहेत, आणि मामा तळघराच्या कुलपात लिव्हर किती, स्प्रिंग कसली, गंज कुठे, यात रंगलेले. मग मामी सुई खुर्चीवर आपटते आणि म्हणते, "अहो, त्याला सोडवा आधी. कुलूप काय पळून जातंय?"

मामी म्हणजे मामांची पहिली वाचक, आणि सगळ्यात तापट. तिच्या तोंडात एक शब्द कायमचा राहायला आलाय. दूध उतू गेलं की मेलं दूध, लिफ्ट अडकली की मेली लिफ्ट, लोकर गुंतली की मेला गुंता. मामांना तर ती तोंडावर अहो-जाहो करते, पण पाठ वळली की मेला माणूस. लाड करायचा झाला तरी शब्द तोच, फक्त जरा लांबवून.

तर झालं असं. एका पुस्तकाचा शेवट मामा सांगत होते. राखाड्याचा मनोरा कोसळला, पोलादीनं तलवार पुसली, घोडीवर मांड टाकली. मामा थांबले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आणि धुराच्या लोटातून राखाड्या पुन्हा पुढे आला."

"मेला!" मामी कडाडली.

मी उतरवलं. पूर्णविराम दिला. मामांनी चष्मा नसताना वाचून मान हलवली, प्रकाशकानं तर बहुधा वाचलंच नाही, आणि पुस्तक छापून आलं. शेवटची ओळ: 'आणि धुराच्या लोटातून राखाड्या पुन्हा पुढे आला. मेला.'

मामांनी डोक्याला हात लावला. प्रकाशक मात्र फोनवर नाचत होता. "काय शेवट केलात हो! इतकी वर्षं छळणारा जादूगार, आणि एका शब्दात खलास! वाचक वेडे झालेत." आता वाचक वेडे झाल्यावर त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार की ती शिवी होती? राखाड्या मेला तो मेलाच. मामांनी नियम केला: मजकूर सांगताना मामीनं चकार शब्द काढायचा नाही. मामीनं तो पाळला. नुसते डोळे वटारायची, पण डोळे मला टाइप करता येत नाहीत.

राखाड्या गेल्यावर पोलादीच्या गोष्टींतलं मीठच गेलं. मामांनी डाकू आणले, नरभक्षक राणी आणली, दोन तोंडांचा कोळी आणला. राखाड्याची सर कुणालाच येईना. शेवटी चिडून त्यांनी पोलादीला आंधळ्या विहिरीत ढकललं. काचेसारख्या गुळगुळीत भिंती, तळाशी अजगर, तोंडावर हत्तीलाही न हलणारी शिळा, आणि तलवार वरच राहिलेली. प्रकरण संपलं. मामीच्या सुया थांबल्या.

"आता हा निघणार कसा?" तिनं विचारलं.

"बघूया पुढच्या सुट्टीला," मामा म्हणाले.

पुढच्या सुट्टीपर्यंत मामीलाच दवाखाना गाठावा लागला. जिना चढताना ती पायरीवर बसली ती उठेचना. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल, आणि लांबवण्यात अर्थ नाही. मामी म्हणाली, "माझं वय झालं. आता कशाला फाडाफाडी?" मी समजावलं, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, शेजारीण येऊन रडून गेली. मामी ढिम्म. खरं म्हणजे ती घाबरली होती. आयुष्यात कधीच न घाबरलेल्या माणसाला घाबरायचं कसं ते ठाऊक नसतं, म्हणून ती नुसती हट्टानं बसून राहिली. मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

सुट्टीच्या दिवशी मी मागच्या खोलीत मशीन उघडून बसले, मामी विणकाम घेऊन टेकली, आणि मामांनी येरझाऱ्या न घालता खुर्चीवर बैठक मारली.

"आज काही सांगणार नाही," ते म्हणाले. "पोलादी विहिरीत आहे. तू ऑपरेशन करून ये, मग काढतो त्याला."

मामीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. "अहो, म्हणजे मला ओलीस धरताय?"

"हो."

"आणि मी नाहीच गेले तर?"

"तर बसू दे त्याला तिथेच."

मामीनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन कुजबुजली, "तुला सांगितलंय का गं, कसा निघतो?" मी नाही म्हटलं. "अजगराच्या पाठीवरून चढतो का?" मला ठाऊक नव्हतं. "मेला हट्टी," ती म्हणाली आणि कपाटातून बॅग काढली.

ऑपरेशनच्या दिवशी मामा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी मशीन सोबत आणलं होतं, म्हटलं, वेळ जाईल. "घ्या, सांगा," मी म्हटलं. "काढू त्याला बाहेर. मामी उठली की वाचून दाखवता येईल."

मामांनी खिशातून एक जुनी किल्ली काढली आणि बोटांत फिरवत राहिले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"तो कसा निघतो ते. कुलूप असतं तर उघडलं असतं. विहिरीला कुलूप कुठून आणू?"

मी कपाळावर हात मारला. "मामा! ती शुद्धीवर आली की पहिलं तेच विचारणार!"

"विचारू दे गं. शिव्या घालू दे." किल्ली थांबली. "नाही विचारलं तर काय करू, ते सांग."

मी मशीन बंद केलं आणि त्यांचा हात धरला. एरवी ते असला हात सोडवून घेतात, त्या दिवशी घट्ट धरून बसले.

दुपार उतरल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ऑपरेशन नीट झालं होतं, पण उद्या नळी काढून पेशंट बोलेपर्यंत खरं नाही, असंही त्यांनी बजावलं. मग जायला निघाल्या आणि परत वळल्या.

"एक विचारू? भूल चढेपर्यंत त्या विहिरीचंच बोलत होत्या. शिळा, अजगर… मलाही आता चैन पडत नाहीये. कसा निघतो तो?"

"ती जागी झाली की तिलाच सांगेन," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा बघून बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. मामी एवढीशी झाली होती. अंगाला वायरी, पांढरे ओठ, डोळे मिटलेले. मामा वाकून तिचं नाव घेत राहिले. चारचौघांत त्यांनी तिचं नाव घेतलेलं मी तरी प्रथमच ऐकलं. बऱ्याच वेळानं तिच्या पापण्या हलल्या. ती आमच्याकडे बघत होती, पण ओळख दिसत नव्हती. ओठ हलले.

"मेला…"

मामांचा रंग उडाला. "कोण गं? कोण मेला?"

मामीनं श्वास गोळा केला. घशातून खरखर आली. "मेला… निघाला का वर?"

मामा हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. नर्सनं येऊन दटावलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण स्टेनोनं रडायचं नसतं.

"निघाला का?" मामी पुन्हा म्हणाली. तिला धीर कुठला!

"नाही निघाला," मामांनी नाक पुसत कबूल केलं. "मला सुचलंच नाही."

"मग काल दिवसभर काय केलंत?"

मामीनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती विचार करत होती.

"राखाड्याला बोलवा. तो सोडेल दोर."

"अगं, तो मेला ना?"

मामीनं डोळे उघडले, आणि आता त्यांत चांगली ओळख होती. "तुम्हाला जन्मभर मेला म्हणत आलेय. मेलात कधी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. इतकी पुस्तकं, इतके डाकू, दोन तोंडांचा कोळी, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात हा उजेड पडला नव्हता.

"पण तो का सोडेल दोर?" मामांनी विचारलं. "तो वैरी आहे त्याचा."

"पोलादी नसला तर…" तिला दम लागला. नर्स पुन्हा यायला लागली. मामीनं बोटानं तिला थांबवलं आणि वाक्य पुरं केलं. "पोलादी नसला तर त्या मेल्यानं रोज भांडायचं कोणाशी?"

मामांनी कॉटच्या कडेला कपाळ टेकलं, आणि मामीनं वायरीसकट हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"तू काय बघत बसलीस?" ती मला म्हणाली. "उतरवून घे."

मशीन बाहेर जमा केलं होतं. मी पर्समधून औषधांच्या पावतीचा कागद काढला आणि तिच्या तोंडचं सगळं लिहून घेतलं, एकही शब्द न गाळता.