केराच्या घेवड्यातली शेळी

नेवेनाने तीन घोंगड्या घडी करून एकावर एक रचल्या, त्यांवर कंबर टेकली आणि डोकं हळूहळू जमिनीला लावलं. पोट गळ्याकडे सरकलं, श्वास आखूड झाला. दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मूल कदाचित फिरेल, कदाचित नाही. छत्तिसावा आठवडा संपला होता आणि बाळ अजूनही चर्चच्या भिंतीकडेला बसणाऱ्या म्हातारीसारखं ताठ बसून होतं. डोकं वर, पाय खाली.

असं उलट्या डोक्याने पाहिलं की खोलीतल्या एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. पलंगाखाली तिची माहेरची पेटी होती. पेटीचं कुलूप उघडं लोंबत होतं.

ते तिने सकाळी स्वतःच्या हाताने लावलं होतं.

ती कुशीवर वळली, पलंगाचा पाय धरून उठली आणि पेटी ओढून बघितली. सगळं जागच्या जागी होतं. लग्नातला रुमाल, आईची पत्रं, आणि तळाशी चार घड्या घातलेला डॉक्टरीणबाईंचा कागद. काही म्हणजे काहीच गेलेलं नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. चोर काही घेऊन गेला तर त्याला काय हवं होतं ते तरी कळतं.

घरात तिच्याखेरीज माणूस एकच, सासू. नवरा मेतोदी धरणाच्या कामावर होता. शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. गुरुवारी जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात दाखल व्हायचं आणि बाळंत होईपर्यंत तिथेच राहायचं, असं त्या कागदावर लिहिलं होतं. हे फक्त मेतोदीला माहीत होतं. त्याच्या आईला आधी सांगायचं नाही, हे नेवेनानेच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

त्याला कारण शेजारची केरा. रोडोपीच्या डोंगरातल्या त्या गावात तेव्हा घरोघरी नळ नव्हते. सगळ्या बायका दगडी झऱ्यावर भेटत, आणि तिथे भरली जाणारी बादली निम्मी पाण्याची असे, निम्मी बातम्यांची. पंधरा दिवसांपूर्वी केराने तिला तिथेच गाठलं होतं.

"पायाळू आहे म्हणे तुझं?"

"फिरेल म्हणाल्यात डॉक्टरीणबाई."

"तुझी सासू गावची सुईण होती, हे सांगितलंय का तुला कुणी?"

"ऐकलंय."

"पुढचं ऐकलं नसशील. माझं पहिलं पायाळू होतं. तिच्या हातात गेलं." केराने बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "एकवीस वर्षं मी तिच्या अंगणात पाऊल टाकलेलं नाही. तुझ्या पोटाला तिचा हात लागू देऊ नकोस, एवढंच सांगते. आपलं नाव धुऊन काढायला तिला एक पायाळू पोर हवंच असणार."

तेव्हापासून नेवेनाची नजर सासूवरून हलत नव्हती. स्तोयना तशी बोलायला कमीच. पण आता ती सुनेजवळ आली की हात एप्रनखाली घेई. आत काय धरलेलं असे कोण जाणे. जेवताना ती सुनेच्या तोंडाकडे बघत नसे, पोटाकडे बघे.

"फिरलं का आज?"

"नाही, आई."

"लाथा कुठे मारतंय?"

"मला नाही कळत."

"खाली मारत असेल." स्तोयनाने दह्याचं भांडं पुढे सरकवलं. "खा. तुझं तोंड आंबट झालं म्हणून दही गोड होणार नाही."

आधी कपाटाचे खण बोटभर उघडे दिसू लागले. मग अर्ध्यावर आलेलं बाळाचं स्वेटर सुईवरून उतरलेलं सापडलं. सोमवारी नेवेनाने बाळाच्या कपड्यांचं गाठोडं मुद्दाम निरगाठ मारून ठेवलं, चांगली दोनदा ओढून. मंगळवारी दुपारी ते सुटलेलं होतं आणि आतली दुपटी जशीच्या तशी होती. आता पेटी. म्हातारी कागद शोधत होती, यात नेवेनाला शंका उरली नाही. बुधवार उजाडला होता, म्हणजे हातात एकच दिवस होता. कागदाशिवाय दवाखाना घेणार नव्हता, म्हणजे तो लपवला की उद्याची बस चुकणार. बस चुकली की कळा इथेच, आणि मग त्या एप्रनखालचे हात.

तिने कागद पोलक्यात खोचला आणि स्वयंपाकघरात गेली.

"आई, माझ्या पेटीत काही शोधत होता का?"

स्तोयना पीठ चाळत होती. चाळणी थांबली.

"तुझ्या पेटीत माझं काय असणार?"

"कुलूप उघडं होतं."

"असू दे की उघडं," सासू म्हणाली, आणि पिठाचे हात तसेच एप्रनखाली गेले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली.

"स्तोयना! बाहेर ये! बघ तुझ्या पाहुणीने काय केलंय!"

दोघी कुंपणाशी आल्या. केराच्या परसात घेवड्याच्या काठ्या आडव्या झाल्या होत्या. स्तोयनाची शेळी तिने आपल्याकडच्या दाव्याने आलुबुखाराच्या झाडाला बांधून टाकली होती, आणि शेळीच्या तोंडातून अजून एक वेल लोंबत होता.

"सुटली असेल," स्तोयना म्हणाली.

"सुटली? तिचं दावं तुझ्या खुंट्याला आहे आणि गाठ सोडलेली आहे! शेळीला बोटं असतात का गं? तू सोडलीस. माझं एवढं नेलंस, आता घेवडा तेवढा राहिला होता!"

केरा आणखी काही बोलायला तोंड उघडून तशीच थांबली. ती कुंपणावरून स्तोयनाचं अंगण बघत होती. खुराड्याचं दार सताड उघडं, कोंबड्या रस्त्यावर. कपडे वाळवायची दोरी दोन्हीकडून सोडून मातीत पडलेली. तंबाखूच्या पानांच्या माळा टांगायच्या सोडून गोठ्याच्या जमिनीवर पसरलेल्या. स्तोयनाच्या बुटांना नाड्या नव्हत्या. डोक्याचा रुमाल गाठ न मारता नुसताच अंगावर टाकलेला होता.

केराचा आवाज खाली आला.

"कधीपासून?"

"दहा दिवस झाले."

"कोंबड्यासुद्धा? कोल्हा नेईल त्यांना."

"नेऊ दे."

"काय दहा दिवस?" नेवेनाने विचारलं. दोघींपैकी कुणी तिच्याकडे वळलं नाही. शेवटी केराच बोलली, तीही शेळीकडे बघत.

"शहरातली पोर तू, तुला कुठून माहीत असणार! मूल अडलं की घरातलं सगळं मोकळं करतात. कुलूप, गाठ, वेणी, सगळं. बाळाला वाट मोकळी दिसावी म्हणून. पण कळा सुरू झाल्यावर करतात, त्या वेळेपुरतं." मग ती स्तोयनाला म्हणाली, "शेळीपर्यंत गेलीस, वेडे?"

"आता मला तेवढंच करता येतं."

स्तोयनाने हात एप्रनखालून बाहेर काढले. दोन्ही तळव्यांना पीठ लागलं होतं, बाकी काही नव्हतं. "हिला हात लावणार नाही मी. तुझ्या पोरानंतर कुणालाच लावला नाही."

"ते माहीत आहे मला," केरा म्हणाली. "का ते तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही."

कोंबड्या रस्त्यावर कलकलत होत्या. स्तोयनाने कुंपणाची एक फळी धरली.

"ओढलं मी, केरा. घाबरले आणि ओढलं. पायाळू मुलाला ओढायचं नसतं, येऊ द्यायचं असतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण देवाची इच्छा म्हणाले मी तुला. ते खोटं होतं."

केरा पाठ फिरवून पडलेल्या काठ्यांकडे गेली, आणि एक काठी उचलून हातातच धरून राहिली.

नेवेना घराच्या पायरीवर बसली. पोलक्यातला कागद काढला, तो घामाने मऊ झाला होता. तिने तो उलगडला आणि सासूपुढे धरला.

"उद्या आठच्या बसने जायचंय, आई. दवाखान्यात. बाळंत होईपर्यंत तिथेच."

स्तोयनाने कागद लांब धरून वाचला, ओठ हलवत, शेवटच्या शिक्क्यापर्यंत. मग विचारलं,

"डॉक्टर बाई आहे का?"

"बाईच आहेत."

"तरुण?"

"आहेत तशा."

"मग तिला सांग, घाई करू नको म्हणावं. कितीही वाटलं तरी."

"तुम्हीच सांगा," नेवेना म्हणाली. "माझ्याबरोबर चला."

स्तोयनाने कागद परत केला नाही. तो हातात घेऊनच ती सुनेजवळ पायरीवर बसली, मध्ये वीतभर जागा ठेवून.

"मी आले तर शेळीची धार कोण काढणार?" ती म्हणाली.

पलीकडे केरा झाडापाशी वाकली होती. शेळीने हिसडे देऊन गाठ आवळून टाकली होती, ती बोटांनी सुटेना. केराने दात लावले. दावं सैल होऊन खाली पडलं. शेळी क्षणभर जागीच उभी राहिली, मग चालत पुन्हा घेवड्यात शिरली.

केरा दाव्याचं वेटोळं करत शेळीकडे बघत राहिली. तिने तिला हाकललं नाही.