विसर्जन केलेली आवृत्ती

या, जरा पुढे सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा आणि ऐका. आजचं आख्यान देवाचं नाही, कॉम्प्युटरचं आहे. पण भक्ती त्यातही भरपूर.

सत्त्याऐंशी साल. मुलुंडला सहदेव राण्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मशीन एकच, शिकवायला सुगंधा. गणपतीत राणे सरांनी बेसिक या भाषेची नवीकोरी तीन नंबरची आवृत्ती आणली. फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं, तेही पाकिटावरून, एवढं शहाणपण होतं! मग मशीनमधली जुनी दोन नंबरची पुसून नवी बसवली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सुगंधानं मुलांचे प्रोग्राम उघडले, तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी नक्षी.

"सर, वाट लागली! मुलांनी सगळं जुनीवर लिहिलंय. नवीला ते वाचता येत नाही."

"असा कसा गो? तीन म्हणजे दोनापेक्षा मोठीच ना?"

"बुवा नवे आले, त्यांनी पट्टी बदलली, आणि आपला पेटीवाला जुन्याच सुरात. रंगेल कीर्तन? जुनी फ्लॉपी द्या, परत बसवते."

सर छताकडे बघू लागले.

"सर, फ्लॉपी?"

"विद्या ती. कचऱ्यात कशी टाकू? गौरींच्या निर्माल्याबरोबर पवईच्या तलावात सोडली." मग हळूच, "हात जोडून सोडली गो."

सुगंधाला हसावं की रडावं कळेना. उद्या तपासनीस येणार. प्रोग्राम चालले नाहीत तर मुलं नापास, क्लासची मान्यता जाणार आणि मागोमाग तिची नोकरी. तिला एकच नाव आठवलं आणि कसंसंच झालं. काशीराम. गिरणीतली नोकरी सुटल्यावर पन्नाशीत शिकायला आलेला. गुपचूप त्याच जुन्या फ्लॉपीची नक्कल करताना तिनंच त्याला पकडलं होतं, आणि सरांनी गुरुपौर्णिमेला सगळ्यांदेखत 'विद्याचोर' म्हणून घालवून दिलं होतं.

संध्याकाळी दोघं मानखुर्दला त्याच्या दारात उभी.

"काशीरामभाऊ, ती नक्कल... आहे?" सुगंधानं विचारलं.

"चोरीचा माल चालतलो, सर?" काशीराम हसला.

"लाजवू नको रे बाबा."

त्यानं देव्हाऱ्यातली पोथी काढली. पोथीच्या रुमालात फ्लॉपी, कोरडी ठणठणीत. "विद्या ती. पाण्यात कशी सोडू?" त्याला बिचाऱ्याला तलावाचं काहीच ठाऊक नव्हतं. सरांनी मान खाली घातली.

सकाळी सुगंधानं जुनी आवृत्ती बसवली. सगळे प्रोग्राम चालले. तपासनीस खूश झाले. "जुन्या आवृत्तीची प्रत जपून ठेवता, राणे? अशी शिस्त हल्ली दिसत नाही."

"देवाची कृपा," सर हात जोडून म्हणाले.

काशीरामचं नाव परीक्षेच्या यादीत नव्हतं, म्हणून तो बाहेर जिन्यावर बसला होता. त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर सरांनी लावलेली पाटी तशीच: 'नक्कल करणाऱ्यास क्षमा नाही.' सुगंधानं आतला पहिला पेढा त्याला नेऊन दिला. पाटी मात्र तिलाही काढवली नाही.

आता आरतीला उठाल. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या चोराचंही नाव घ्या. काशीराम त्याचं नाव.